चिनी विद्यार्थ्यांचा 'जस्ट' कुठे अडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिंगापूरमध्ये चिनी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवते. कुणी मुलांच्या शिक्षणासाठी चीनमधून आलेली आई असते, कुणी नोकरीनिमित्त आलेला इंजिनियर. माझ्यासारखं शिकवणारे मराठी लोक इथे आणि ऑनलाइनही भेटत राहतात, आणि बोलणं फिरून फिरून एका शब्दावर येतं: 'जस्ट'. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

चिनी शब्द इथे कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत दिले आहेत. सूर दाखवलेले नाहीत. 'चिनी' म्हणजे इथे मँडरिन. कँटोनीजबद्दल एक वेगळा प्रश्न पुढे आहे.

एवढ्याशा शब्दासाठी एवढं पान कशाला?

कारण हा एक शब्द नाही, एका पाटीखाली राहणारं एकत्र कुटुंब आहे. मराठीत आपण त्याच्या जागी काय काय म्हणतो ते बघा.

'आय हॅव जस्ट ईटन' म्हणजे आत्ताच जेवलो. 'इट्स जस्ट अ कोल्ड' म्हणजे नुसती सर्दी आहे. 'दॅट्स जस्ट व्हॉट आय नीड' म्हणजे नेमकं हेच हवं होतं. 'आय जस्ट कॉट द बस' म्हणजे बस जेमतेम मिळाली. 'कुड यू जस्ट होल्ड धिस?' म्हणजे हे जरा धरता का? आणि 'आय जस्ट डोन्ट गेट इट' म्हणजे मला हे कळतच नाही.

आत्ताच, नुसतं, नेमकं, जेमतेम, जरा आणि क्रियापदाला चिकटलेला 'च'. मराठीला सहा वाटा लागतात. चिनीलाही तितक्याच लागतात, पण त्या वेगळ्या ठिकाणी फुटतात.

चिनीत कुठला शब्द कशासाठी?

'आत्ताच' साठी 'कांग' किंवा 'कांग-कांग'. 'फक्त' साठी 'च्र'. 'नेमकं, बरोब्बर' साठी 'चंग-हाव' किंवा 'कांग-हाव'. बूट पायाला अगदी बरोबर बसला की 'कांग-हाव'. 'अक्षरशः, निव्वळ' असा जोर द्यायचा असेल तर 'च्येन-च्र'. 'जरा' साठी क्रियापदाच्या मागे 'यी-श्या' लागतं: 'छ्येन यी-श्या', म्हणजे जरा सही करा.

आणि या सगळ्यांत घुसखोरी करणारा एक शब्द आहे: 'च्यौ'. 'फक्त', 'नेमकं', 'लगेच', 'तर मग', 'इतक्या लवकर' ही सगळी कामं तो करतो. शब्दकोशात त्याच्यासमोर 'जस्ट' हा एक अर्थ दिलेला असतो, तोही बराच वर. विद्यार्थी तो उचलतात आणि तिथून पुढे आपलं काम वाढतं.

सगळ्यात जास्त कानावर पडणारी चूक कुठली?

'इफ यू गो, आय जस्ट गो.'

विद्यार्थ्याच्या मनात असतं: 'रु-क्वो नी छ्यू, वो च्यौ छ्यू.' तू गेलास तर मी जाईन. 'रु-क्वो' म्हणजे जर, 'च्यौ' म्हणजे तर. चिनीत 'रु-क्वो' गाळलं तरी चालतं, पण 'च्यौ' सहसा गाळत नाहीत. मराठीतही नेमकं तसंच आहे: 'जर' खुशाल गाळतो, 'तर' गाळत नाही. 'पाऊस आला तर छत्री घे' यात 'जर' कुठे आहे?

इंग्रजीत कारभार उलटा. 'इफ' हवंच, आणि 'देन' बहुतेक वेळा गाळलेलं असतं. 'इफ यू गो, आयल गो.' एवढंच. त्या जागी 'जस्ट' आला की वाक्याचा अर्थच सटकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, 'तू गेलास तर मी आपला निघूनच जातो' असं काहीतरी रागाचं चाललंय.

याच चुकीचं दुसरं रूप: 'व्हेन आय रीच होम, आय जस्ट कॉल यू.' चिनीत 'घरी पोचलो की लगेच' या अर्थाला 'यी' आणि 'च्यौ' ही जोडी वापरतात. मराठीतला 'की' तिथे चपखल बसतो. इंग्रजीत ते काम 'ॲज सून ॲज' करतं, आणि पुढच्या भागात काहीच लागत नाही.

मराठी शिक्षकाला इथे आयता फायदा आहे. विद्यार्थ्याने 'जस्ट' म्हटला की मनात त्याच्या जागी 'तर' किंवा 'की' घालून बघा. बसला, तर तो 'जस्ट' काढून टाकायचा. मूळ चिनी वाक्य माहीत नसलं तरी ही कसोटी फारशी चुकत नाही.

मग 'च्यौ' म्हणजे आपला 'च' असं धरून चालावं का?

अर्ध्या वाटेपर्यंत, हो. 'वो च्यौ याव चगं' म्हणजे मला हेच हवं. 'च्यौ-श था' म्हणजे हाच तो. 'वो च्यौ-श पु शी-ह्वान' म्हणजे मला आवडतच नाही. इतकं जुळणं बघून पहिल्यांदा मौज वाटते.

पण वेळेच्या वाक्यात सावध राहा. 'था पा-त्येन च्यौ लाय ल' म्हणजे तो आठलाच आला, इतक्या लवकर. 'था पा-त्येन त्साय लाय' म्हणजे तो आला तेव्हा आठ वाजले होते, एवढा उशीर केला. घड्याळात दोन्हीकडे आठच. 'च्यौ' म्हणजे अपेक्षेपेक्षा आधी, 'त्साय' म्हणजे अपेक्षेपेक्षा नंतर. मराठीत 'आठलाच आला' हे स्वरावरून कौतुकही होऊ शकतं. उशिरासाठी आपण 'आठ वाजवले' किंवा 'आठला उगवला' अशा वाटेने जातो.

इंग्रजीत या दोन्हीसाठी 'जस्ट' चालत नाही. 'ही जस्ट केम ॲट एट' हे वाक्य विद्यार्थी दोन्ही अर्थांनी बोलतात आणि दोन्ही अर्थ पोचत नाहीत. लवकर असेल तर 'ॲज अर्ली ॲज एट' किंवा 'ही वॉज ऑलरेडी हिअर बाय एट'. उशीर असेल तर 'नॉट अनटिल एट'. हे 'नॉट अनटिल' चिनी विद्यार्थ्यांना शाळेत घोकून घेतलेलं असतं, पण बोलताना आठवत नाही. 'त्साय' ऐकला की 'नॉट अनटिल', अशी गाठ मारून दिली की मात्र पटकन येतं.

'त्साय' चं आणखी एक काम आहे. 'त्साय पा-त्येन' म्हणजे आत्ता कुठे आठ वाजलेत. इथे 'इट्स ओन्ली एट' म्हणायचं. 'इट्स जस्ट एट' म्हटलं तर ऐकणारा 'बरोब्बर आठ' असं समजण्याचा धोका आहे.

आपणही असंच काही करतो का?

करतो की. 'ही इज लाइक दॅट ओन्ली.' 'आय केम टुडे ओन्ली.' तो तसाच आहे, मी आजच आलो. भारतीय भाषांमधला जोर देणारा तुकडा आपण इंग्रजीत 'ओन्ली' म्हणून शेवटी चिकटवतो, कारण आपल्याकडे 'च' शब्दाच्या मागे लागतो. चिनी माणूस तोच जोर 'जस्ट' म्हणून कर्त्याच्या लगेच पुढे ठेवतो, कारण 'च्यौ' तिथे बसतो. इंग्रजी माणूस दोन्ही ठिकाणी बहुतेक वेळा शब्दच वापरत नाही, आवाज चढवतो: 'आय केम टुडे' म्हणताना 'टुडे' वर दाब.

ही गोष्ट वर्गात सांगून बघा. शिक्षकाच्या भाषेचीही अशीच खोड आहे म्हटल्यावर माणसं मोकळेपणाने बोलायला लागतात.

'आय जस्ट बॉट वन बुक' हे बरोबर की चूक?

व्याकरणाने बरोबर, अर्थाने दुतोंडी. आत्ताच एक पुस्तक घेतलं, की एकच पुस्तक घेतलं?

चिनीत हा प्रश्नच येत नाही, कारण पहिल्यासाठी 'कांग' आणि दुसऱ्यासाठी 'च्र'. शब्द वेगळे, पण जागा एकच: कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये. 'फक्त एक पुस्तक' म्हणायचं असलं तरी चिनीत 'फक्त' क्रियापदाच्या आधीच येतं, थेट 'एक पुस्तक' च्या आधी नाही. त्यामुळे चिनी विद्यार्थ्याच्या इंग्रजीत 'जस्ट' कायम 'आय' च्या कुशीत सापडतो.

इंग्रजीत तो हलवता येतो. 'आय बॉट जस्ट वन बुक' म्हटलं की शंका संपली, एकच. 'आयव्ह जस्ट बॉट अ बुक' म्हटलं की आत्ताच. मी एवढाच नियम देते: 'फक्त' म्हणायचं असेल तर 'जस्ट' ला ज्या शब्दाबद्दल 'फक्त' आहे त्याच्या दारात नेऊन बसवा. मराठीत आपण हे रोज करतो. 'फक्त मी एक पुस्तक घेतलं' आणि 'मी फक्त एक पुस्तक घेतलं' यातला फरक मराठी पोरालाही सांगावा लागत नाही.

पहिल्या प्रकारावरून आणखी एक चूक निघते: 'जस्ट आय नो.' म्हणजे फक्त मलाच माहीत आहे. इथे 'ओन्ली आय नो' किंवा 'आयम द ओन्ली वन हू नोज' हवं. एकाच शब्दाचं उत्तर असेल तेव्हा मात्र 'जस्ट मी' चालतं. दारात कोण आहे? 'जस्ट मी.'

'जस्ट' च्या आधी 'हॅव' लागतंच का?

परीक्षा देणार असतील तर हो म्हणा. 'जस्ट' बरोबर 'हॅव' आणि 'जस्ट नाऊ' बरोबर साधा भूतकाळ, हा भेद चीनमधल्या शालेय व्याकरणात पक्का बसवलेला असतो. आपल्याकडेही जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत हाच नियम आहे. 'आय हॅव जस्ट सीन हिम', पण 'आय सॉ हिम जस्ट नाऊ'.

बोलण्यात मात्र अमेरिकेत 'आय जस्ट सॉ हिम' सर्रास चालतं आणि त्यात काही अशुद्ध नाही. ब्रिटिश वळणाचं लिखाण असेल तिथे 'हॅव' ठेवावं. विद्यार्थी अमेरिकन मालिका बघून 'आय जस्ट एट' म्हणाला म्हणून त्याला लाल शाई लावण्यात अर्थ नाही. 'आय जस्ट ईट' म्हणाला तर लावा. चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही, त्यामुळे 'जस्ट' घातला की काळ सांगून झाला असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. त्याच्या भाषेत ते खरंही आहे.

'व्हेन आय जस्ट केम टु सिंगापूर' यात काय खटकतं?

हे वाक्यही मी इथे खूपदा ऐकलंय. म्हणायचं असतं: मी सिंगापूरला नवीन नवीन आले तेव्हा. चिनीत इथे 'कांग' अगदी शोभतो, भले ती गोष्ट दहा वर्षांपूर्वीची असो. कारण 'कांग' बोलण्याच्या क्षणापासून मोजत नाही, त्या प्रसंगापासून मोजतो. इंग्रजीत इथे 'फर्स्ट' येतो: 'व्हेन आय फर्स्ट केम टु सिंगापूर.' 'हॅड जस्ट कम' ही वाट आहे, पण त्याचा अर्थ आणखी अरुंद होतो, नुकतंच विमानातून उतरल्यासारखा.

त्याचाच भाऊ म्हणजे 'आय जस्ट केम टू डेज.' मूळ वाक्य 'वो कांग लाय ल्यांग थ्येन', येऊन दोनच दिवस झाले. चिनीत 'कांग' च्या पुढे असा कालावधी बिनधास्त येतो. इंग्रजीत दोनपैकी एक निवडावं लागतं: 'आय केम जस्ट टू डेज अगो' किंवा 'आयव्ह बीन हिअर जस्ट टू डेज'. मराठीत 'येऊन दोन दिवस झाले' असं आपण म्हणतो ते दुसऱ्या वाक्याच्या जवळचं आहे, म्हणून मी आधी तेच शिकवते.

'कांग' आणि 'कांगत्साय' मध्ये फरक काय, आणि तो आपल्याला कशाला हवा?

'कांगत्साय' हे 'मघाशी'. 'कांग' हे 'आत्ताच, नुकतंच'. चिनी विद्यार्थ्याला इंग्रजीत दोन्हीसाठी 'जस्ट' किंवा 'जस्ट नाऊ' दिलेला असतो, त्यामुळे तो मघाचं आणि आत्ताचं एकत्र करतो. 'मघाशी तू का बोलला नाहीस?' हे त्याच्या तोंडून 'व्हाय यू जस्ट डिडन्ट स्पीक?' असं येतं, आणि ऐकणाऱ्याला ते 'तू गप्पच का नाही बसलास?' च्या जवळपास ऐकू येतं. 'कांगत्साय' च्या पुढे नकार चालतो, 'कांग' च्या पुढे सहसा नाही. त्यामुळे वाक्यात 'नाही' असेल तर मूळ शब्द बहुतेक 'कांगत्साय' आहे असं समजावं आणि 'अर्लिअर' किंवा 'अ मिनिट अगो' सुचवावं.

'मघाशी' आणि 'आत्ताच' असे दोन वेगळे शब्द घरातच असलेल्या मराठी माणसाला हे समजावायला वेळ लागत नाही.

'जस्ट नाऊ' चा अर्थ देशागणिक बदलतो म्हणतात, खरं आहे?

खरं आहे, आणि यात गमतीपेक्षा गैरसोय जास्त आहे. सिंगापूर आणि मलेशियात 'जस्ट नाऊ' म्हणजे मघाशी, काही तासांपूर्वीसुद्धा. सकाळी नाश्त्याला भेटलेला माणूस संध्याकाळी 'आय सॉ यू जस्ट नाऊ' म्हणतो. 'कांगत्साय' चा तो हुबेहूब आहे, आणि मलय भाषेतल्या 'तादी' शीही त्याचं जुळतं. दक्षिण आफ्रिकेत 'आयल डू इट जस्ट नाऊ' म्हणजे थोड्या वेळाने करतो, बघू. स्कॉटलंडमध्ये 'आयम बिझी जस्ट नाऊ' म्हणजे सध्या कामात आहे. आणि आपण 'कमिंग जस्ट नाऊ' म्हणतो ते 'आत्ता आलो' चं थेट इंग्रजी. त्यातला 'आत्ता' किती लांबू शकतो हे आपल्याला ठाऊकच आहे.

विद्यार्थी ज्या देशात राहणार त्या देशाचा अर्थ आधी द्यावा. सिंगापूरमध्ये राहणाऱ्याला इथला 'जस्ट नाऊ' समजला पाहिजे. लंडनच्या क्लायंटला मेल लिहिताना तो वापरू नये, एवढं सांगितलं की पुरे.

नकार आला की गोंधळ वाढतो. सोपी युक्ती आहे का?

'जस्ट' नकाराच्या आधी की नंतर, एवढंच बघायचं.

'आय जस्ट डोन्ट लाइक हिम': मला तो आवडतच नाही, कारण विचारू नका. 'आय डोन्ट जस्ट लाइक हिम': मला तो नुसता आवडत नाही, त्याहून जास्त काहीतरी आहे. पहिल्यात दार बंद, दुसऱ्यात लग्नाची बोलणी. चिनीत पहिलं 'च्यौ-श पु' आणि दुसरं 'पु च्र-श'. तिथेही क्रम उलटाच आहे, म्हणून ही जोडी त्यांना कळते. फक्त दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून दाखवली पाहिजेत. सुटी सुटी शिकवली तर मिसळतात.

'जस्ट' घातला की बोलणं नम्र होतं ना?

कधी होतं, कधी उद्धट होतं. हा सगळ्यात नाजूक भाग आहे, आणि नोकरीच्या जागी यावरूनच माणसं दुखावतात.

'आय जस्ट वॉन्टेड टु आस्क' हे मऊ. जरा विचारायचं होतं. त्यातला मऊपणा निम्मा 'जस्ट' चा आणि निम्मा 'वॉन्टेड' च्या भूतकाळाचा. मराठीतही 'विचारायचं होतं' मधला 'होतं' हेच करतो. चिनीत क्रियापदाला भूतकाळाचं रूप नाही, म्हणून विद्यार्थी 'आय जस्ट वॉन्ट टु आस्क' लिहितो. पुढे 'व्हाय' आला की ते जाब विचारल्यासारखं वाचलं जातं. 'आय जस्ट वॉन्ट टु आस्क व्हाय द पेमेंट इज लेट': लिहिणारी बिचारी अगदी नम्रपणे लिहीत होती.

आज्ञेत तर जपूनच. 'यू जस्ट साइन हिअर.' चिनीतला 'च्यौ' इथे 'तुम्ही फक्त एवढं करा, बाकी मी बघतो' असा धीर देतो. मराठीत 'तुम्ही नुसती सही करा' हेही तसंच आपुलकीचं. इंग्रजीत मात्र 'यू' ने सुरू झालेला 'जस्ट' वाला आदेश साहेबाला दिला तर साहेबाच्या भुवया वर जातात. 'कुड यू जस्ट साइन हिअर?' किंवा 'जस्ट साइन हिअर, प्लीज.' कर्ता काढला की वाक्य शहाणं होतं. ही चूक पुण्या-मुंबईच्या ऑफिसातही रोज होते. चिनी माणसाला एकट्याला बोल लावू नये.

आणि माणसाबद्दल बोलताना: 'आयम जस्ट अ हाउसवाइफ.' विद्यार्थिनी स्वतःबद्दल असं म्हणतात तेव्हा मी तो 'जस्ट' काढायला लावते. व्याकरण ठीकच असतं. पण ऐकणारा त्यातली 'नुसती' ऐकतो.

'जस्ट' आणि 'ओन्ली' कधी अदलाबदल करता येतात?

'फक्त' अर्थी आणि आकड्यांआधी बहुतेक वेळा. 'ओन्ली थ्री', 'जस्ट थ्री'. औपचारिक लिखाणात 'ओन्ली' बरा. 'एकुलता एक' अशा अर्थी 'ओन्ली' च: 'द ओन्ली सन'. वाक्य 'ओन्ली देन', 'ओन्ली आफ्टर' ने सुरू झालं तर पुढे क्रियापद उलटं फिरतं, 'जस्ट' ने सुरू झालं तर फिरत नाही. 'इफ ओन्ली' म्हणजे 'असं झालं असतं तर!', तिथे 'जस्ट' नाही. 'ओन्ली जस्ट' हे दोन्ही एकत्र दिसले तर घाबरू नये, ब्रिटिश बोलण्यात त्याचा अर्थ 'जेमतेम' किंवा 'अगदी आत्ताच'.

'जस्ट डू इट' मधला 'जस्ट' कुठल्या अर्थाचा?

नायकीची ही ओळ 1988 सालची, आणि विद्यार्थी ती हमखास पुढे करतात. यात 'फक्त' नाही, 'आत्ताच' नाही, 'नेमकं' तर नाहीच. 'फार विचार करू नकोस, करून टाक.' मराठीत तो 'टाक' मध्ये आहे. चिनीत सर्रास सांगितला जाणारा अनुवाद आहे 'श्यांग त्स्वो च्यौ त्स्वो': करावंसं वाटलं की कर. मध्ये बघा, 'च्यौ' बसलाय. पण तो 'जस्ट' चा अनुवाद नाही, तो 'की' आहे. पाच मिनिटांची चर्चा या एका ओळीवर घडवून आणता येते, आणि 'च्यौ म्हणजे जस्ट' हे समीकरण ज्याच्या डोक्यात घट्ट बसलंय त्याच्यासाठी ती फार उपयोगी पडते.

हाँगकाँगच्या, कँटोनीज बोलणाऱ्यांना वेगळं काही सांगावं लागतं का?

थोडंसं. त्यांच्याकडे 'आत्ताच' साठी 'ङाम-ङाम' आहे. (आपल्या बाराखडीतला बेकार बसलेला ङ इथे एकदाचा कामाला येतो.) नुसता 'ङाम' म्हणजे 'बरोबर, जुळणारं'. म्हणजे 'बरोबर' आणि 'आत्ताच' हे एकाच मुळातून, अगदी इंग्रजी 'जस्ट' सारखं. त्यामुळे 'जस्ट राइट' आणि 'जस्ट अराइव्ह्ड' यातलं नातं त्यांना लवकर पटतं. 'जर-तर' मधल्या 'जस्ट' ची चूक मात्र तेही करतात.

'जस्ट' म्हणजे न्यायी, तो शब्द वेगळा का?

मूळ एकच, लॅटिनमधलं. 'जस्टिस' ही त्याच घरचा. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. न्यायी, योग्य, मग काटेकोर, बरोब्बर, असा तो सरकत गेला आणि 'फक्त' हा अर्थ सतराव्या शतकात रुजला. 'अ जस्ट किंग' हे वाक्य विद्यार्थी 'नुसता राजा' असं वाचतात. विशेषण असेल तर न्यायी: 'अ' आणि नाम यांच्या मध्ये अडकलेला 'जस्ट' विशेषण असतो. 'जस्ट अ किंग' हा मात्र नुसता राजा.

उच्चाराचं काय? 'चस' असं ऐकू येतं.

येणारच. मँडरिनमध्ये अक्षराचा शेवट स्वराने, 'न' ने किंवा 'ङ' ने होतो, फार तर 'र' ने. 'स्ट' सारखं जोडाक्षर शेवटी नाहीच. म्हणून कुणी 'जस' वर थांबतो, कुणी मागे स्वर लावून 'जस्त' चं 'जस्-तअ' करतो. सुरुवातीचा 'ज' ही त्यांच्याकडे आपल्यासारखा घोष (घशात कंप होऊन निघणारा) नाही, म्हणून आपल्या कानाला 'च' भासतो.

शेवटचा 'ट' गेल्याचं दुःख करू नका. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही पुढे व्यंजन असलं की तो गिळतात: 'जस् नाऊ', 'जस् गो'. मागे लावलेला स्वर मात्र काढायला हवा, कारण त्याने शब्द लांबतो आणि नको तिथे जोर येतो. 'जरा' अर्थाचा 'जस्ट' पुसट बोलायचा असतो; तो ठासून म्हटला की विनंतीची तक्रार होते. आपल्या विद्यार्थ्यांनाही एक सूचना: 'जय' मधला 'ज' हवा, 'जर' मधला नको.

प्रत्येक चुकीचा 'जस्ट' सुधारावा का?

नाही. बोलण्याच्या ओघात 'आय जस्ट' दर वाक्यात येत असेल आणि अर्थ कळत असेल, तर जाऊ द्या. इंग्रजी मातृभाषावालेही तो तोंडी लावण्यासारखा वापरतात. मी तीन ठिकाणी थांबवते. 'तर' च्या जागी आलेला, कारण त्याने अर्थ तुटतो. साहेबाला किंवा गिऱ्हाइकाला दिलेल्या आज्ञेतला, कारण त्याने माणूस तुटतो. आणि तारीख, वेळ, रक्कम यांच्या वाक्यातला. 'वी जस्ट रिसीव्ह्ड टू बॉक्सेस' असं गोदामातून लिहून आलं तर दोनच खोकी आली की दोन खोकी आत्ताच आली, हे फोन करून विचारावं लागतं. तिथे 'ओन्ली टू' लिहायची सवय लावावी.